शेवटचे वीस यार्ड : जागा संपत जाते तेव्हा पास का चुकतो?

२८ डिसेंबर २०१९. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, ग्लेंडेलच्या स्टेडियममध्ये कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा उपांत्य सामना सुरू होता. एका बाजूला ओहायो स्टेट, दुसऱ्या बाजूला क्लेमसन. ओहायो स्टेटने तोवर हंगामातले तेराच्या तेरा सामने जिंकले होते. पहिल्या अर्ध्या भागात त्यांनी तीनदा क्लेमसनच्या गोलरेषेजवळ धडक मारली आणि तिन्ही वेळा त्यांना टचडाऊन न मिळता फील्ड गोलवर समाधान मानावं लागलं. एका फील्ड गोलचे तीन गुण, म्हणजे एकूण नऊ. तिन्ही वेळा टचडाऊन झालं असतं, तर जादा गुणाच्या किकसह एकवीस झाले असते. फरक बारा गुणांचा. सामना ओहायो स्टेटने २९–२३ असा गमावला, म्हणजे सहा गुणांनी.

त्या वेळी दुबईत २९ तारखेचा रविवार उजाडत होता. आता आपली सुट्टी शनिवार-रविवार असते, पण २०२१ संपेपर्यंत इथे रविवार हा आठवड्यातला कामाचा पहिला दिवस होता. त्यामुळे तुमच्यापैकी कुणी पहाटे उठून तो सामना पाहिला असेल, तर शेवटचा क्वार्टर ऑफिसची तयारी करता करताच पाहिला असणार.

'आपला काय संबंध या खेळाशी?' असं म्हणायचे दिवस आता राहिले नाहीत. जुमेरा लेक टॉवर्समधल्या, म्हणजे आपल्या जेएलटीतल्या, कुठल्याही क्लस्टरमध्ये चौकशी करा. कुणाची मुलगी टेक्ससला शिकते, कुणाचा भाचा ओहायो स्टेटमधून एमएस करून तिकडेच राहिलाय. मुलं कॉलेजात गेली की घरात दोन नव्या गोष्टी येतात : डॉलरमधली फी आणि शनिवारचा फुटबॉल सामना. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी बाराला सुरू होणारा सामना इथे रात्री आठला लागतो, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की नऊला. जेवणाच्या टेबलावर बसून तोही पाहिला जातो. आणि संघ गोलरेषेपर्यंत येऊन अडकला की घरातला प्रत्येक जण एकच निकाल देतो : "याला पास टाकताच येत नाही!"

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो, असं मला म्हणायचं आहे. त्यामागे एक भूमिती आहे, थोडं भौतिकशास्त्र आहे आणि आपल्या सगळ्यांना फसवणारं थोडं संख्याशास्त्र आहे. क्रमाने पाहू.

आधी दोन मिनिटांत नियम

मैदान १०० यार्ड लांब असतं आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन असतो. रुंदी १६० फूट, म्हणजे ५३ यार्डांहून किंचित जास्त. चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. या प्रयत्नाला 'डाऊन' म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार डाऊन. चेंडू घेऊन एंड झोनमध्ये शिरलात किंवा तिथे पास झेललात, की टचडाऊन : सहा गुण, वर एका गुणाची किक. ते जमत नसेल तर दोन खांबांमधून चेंडू लाथाडून तीन गुणांचा फील्ड गोल घ्यायचा. पास टाकणारा तो क्वार्टरबॅक, झेलणारा तो रिसीव्हर. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू.

गोलरेषेपासून वीस यार्डांच्या आतला पट्टा म्हणजे 'रेड झोन'. वीस यार्ड म्हणजे किती? क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची असते. तिच्याहून दोन यार्ड कमी. इतक्या जवळ आल्यावर काम सोपं व्हायला हवं, नाही का? प्रत्यक्षात बहुतेक सगळ्या संघांच्या यशस्वी पासांचं प्रमाण इथे येऊन घसरतं. मैदानाच्या मध्यावर सहज पास जुळवणारा क्वार्टरबॅक इथे नवखा वाटायला लागतो. तो बदललेला नसतो. त्याच्या समोरची जागा बदललेली असते.

चौरस फुटांचा हिशेब

आपण दुबईकर चौरस फुटांत विचार करण्यात पटाईत आहोत, तेव्हा हिशेब त्यातच करू.

चेंडू मैदानाच्या मध्यावर आहे असं समजा. पुढे पन्नास यार्ड मैदान आणि दहा यार्ड एंड झोन, म्हणजे एकूण साठ यार्ड किंवा १८० फूट. रुंदी १६० फूट. गुणाकार केला की २८,८०० चौरस फूट. एवढ्या जागेत कुठेही पास झेलता येतो. बचावातल्या अकरांपैकी चार जण क्वार्टरबॅकवर धावून जातात आणि उरलेले सात जण ही जागा सांभाळतात, असं धरू. मग प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४,१०० चौरस फूट येतात.

आता चेंडू वीस यार्डांच्या रेषेवर आणा. पुढे एंड झोन धरून तीसच यार्ड उरले. वाटा निम्मा झाला : सुमारे २,०६० चौरस फूट. दहा यार्डांवर तो १,३७० होतो. आणि चार यार्डांवर? पुढे अवघे चौदा यार्ड, म्हणजे ४२ फूट. ४२ गुणिले १६० म्हणजे ६,७२०, भागिले सात : ९६०. जेएलटीतल्या एका बेडरूमच्या मध्यम फ्लॅटएवढी जागा!

मैदानाच्या मध्यावर एका बचावपटूला अशा चार फ्लॅटांवर पहारा द्यायचा असतो, गोलरेषेजवळ फक्त एका. पहारेकरी तोच, त्याचा पगारही तोच, काम मात्र पाव झालं.

त्या ग्लेंडेलच्या सामन्यात ओहायो स्टेटचे तीन फील्ड गोल २१, २२ आणि ३३ यार्डांचे होते. फील्ड गोलचं अंतर मोजताना एंड झोनचे दहा यार्ड आणि चेंडू मागे टेकवून ठेवण्याचे सुमारे सात यार्ड धरले जातात. हे सतरा वजा केले की कळतं, तिथल्या दोन किक चार-पाच यार्डांवरून झाल्या आणि तिसरी सोळा यार्डांवरून. म्हणजे दोनदा ते अगदी त्या एका बेडरूमच्या फ्लॅटपर्यंत पोचले होते. दार मात्र उघडलं नाही.

कबड्डी खेळलेल्यांना हे आधीच ठाऊक आहे

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. दोन्ही बाजूंची एक-एक मीटरची लॉबी सोडली तर एका संघाची बाजू साडेसहा गुणिले आठ, म्हणजे ५२ चौरस मीटर. सात जण उभे असतील तर प्रत्येकी साडेसात चौरस मीटरही येत नाहीत. साखळी धरून उभे राहिलेले सात जण असले की चढाई करणाऱ्याला श्वास घ्यायलाही जागा नसते. तेच तीन जण उरले की प्रत्येकाच्या वाट्याला सतरा चौरस मीटरांहून जास्त जागा येते आणि पकड अवघड होते. म्हणूनच व्यावसायिक कबड्डीत तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना पकड जमली तर एक जादा गुण मिळतो. जागा वाढली की बचाव कठीण होतो, हे त्या नियमानेच मान्य केलेलं आहे.

कबड्डीत माणसं बाद होतात आणि जागा मोकळी होते. रेड झोनमध्ये उलटं घडतं. माणसं तेवढीच राहतात आणि जागा आटते. गणित एकच, दिशा उलटी.

शेवटची रेषा : बारावा बचावपटू

नुसत्या क्षेत्रफळाने गोष्ट पुरी होत नाही. मैदानाच्या मध्यावर बचावपटूला सतत एक धास्ती असते : समोरचा रिसीव्हर सुसाट निघाला आणि माझ्या मागे गेला तर? त्यामुळे तो सहा-सात यार्ड मागे सरकून उभा राहतो. त्याच्यापुढे जी मोकळी जागा राहते, तिथे छोटे पास सहज जुळतात.

रेड झोनमध्ये ही धास्तीच संपते. चार यार्डांवर चेंडू असताना रिसीव्हर किती मागे पळणार? चौदा यार्डांवर, म्हणजे सुमारे तेरा मीटरवर, मैदानच संपतं. थांबलेला खेळाडू दोन-अडीच सेकंदांत तिथे पोचतो. त्या रेषेबाहेर घेतलेला झेल झेल नसतो. म्हणजे मागची बाजू ती पांढरी रेषाच सांभाळते, न थकता, न चुकता, आणि बचावपटू बिनधास्त पुढे येऊन चिकटून उभा राहतो.

आता एक ढोबळ अंदाज करून पाहू. साधारण अठरा मीटरचा पास, चेंडूचा वेग सेकंदाला वीस मीटर. चेंडू हवेत ०.९ सेकंद असतो. बचावपटूला चेंडू कुठे निघाला हे कळून पाय हलवायला पाव सेकंद लागतो. उरलेल्या वेळात तो तीनेक मीटर सरकतो, आणि हाताचा पल्ला आणखी एक मीटर. म्हणजे प्रत्येक बचावपटूभोवती चार मीटर त्रिज्येचं एक अदृश्य वर्तुळ आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मीटर, म्हणजे ५४० चौरस फूट. त्या वर्तुळात पडणाऱ्या चेंडूला त्याचा हात लागू शकतो.

मैदानाच्या मध्यावर हे वर्तुळ त्याच्या वाट्याच्या जागेपैकी १३ टक्के व्यापतं. वीस यार्डांवर २६ टक्के. दहा यार्डांवर ३९ टक्के. चार यार्डांवर ५६ टक्के. खरा खेळ याहून गुंतागुंतीचा असतो. गोलरेषेजवळ पासही छोटे असतात, म्हणून चेंडू लवकर पोचतो आणि वर्तुळ थोडं आक्रसतं. तरी कल बदलत नाही. मध्यावर बहुतेक जमीन मोकळी असते, गोलरेषेपाशी निम्म्याच्या आसपास जमिनीवर कुणाचा तरी पहारा असतो.

जोरात की उंच?

"मग वरून टाकावा ना!" असं कुणीतरी म्हणतंच. टाकतात, पण त्याचीही किंमत मोजावी लागते.

पंधरा मीटरवरचा पास घ्या. हवेचा विरोध सोडून देऊ. सेकंदाला वीस मीटर वेगाने टाकला तर चेंडू जमिनीशी जेमतेम ११ अंशांचा कोन करतो, हातातून सुटलेल्या उंचीपेक्षा पाऊण मीटरभरच वर जातो आणि पाऊण सेकंदात पोचतो. वेगवान आहे, पण मध्ये उभ्या असलेल्याच्या पसरलेल्या हातांवरून जाईलच असं नाही.

तोच पास ४५ अंशांत उंच टाकला तर वेग सेकंदाला बारा मीटर पुरतो. चेंडू पावणेचार मीटर वर चढतो, कुणाच्याही हातांवरून आरामात जातो. पण पोचायला पावणेदोन सेकंद लागतात. म्हणजे बचावपटूला पूर्ण एक सेकंद जास्त. या दर्जाचा खेळाडू एका सेकंदात सहा-सात मीटर धावतो. वरची वाट मोकळी केलीत की खालची माणसं पोचतात, आणि खालची माणसं पोचायच्या आत टाकायला गेलात की वरची वाट बंद होते.

मैदानाच्या मध्यावर या दोन टोकांच्या मधला पास टाकायला भरपूर वाव असतो. गोलरेषेजवळ तो वाव हातभर उरतो. म्हणून चांगले प्रशिक्षक इथे वेगळी हत्यारं काढतात. एक म्हणजे उंची. ६ जानेवारी २०१४ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात फ्लोरिडा स्टेटच्या जेमीस विन्स्टनने तेरा सेकंद उरले असताना दोन यार्डांवरून केल्विन बेंजामिनकडे चेंडू टाकला. बेंजामिन सहा फूट पाच इंच. इतर कुणाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर त्याने तो झेलला. फ्लोरिडा स्टेटने ऑबर्नला ३४–३१ असं हरवलं.

दुसरं हत्यार म्हणजे गर्दीचाच उपयोग. ९ जानेवारी २०१७ च्या अंतिम सामन्यात एकच सेकंद उरला असताना क्लेमसनच्या डेशॉन वॉटसनने हंटर रेनफ्रोला दोन यार्डांचा पास दिला आणि अलाबामाचा ३५–३१ असा पराभव झाला. रेनफ्रो काही धिप्पाड नव्हे. दोन रिसीव्हर एकमेकांच्या वाटा कापत धावले, बचावपटूंची गर्दी झाली आणि क्षणभर रेनफ्रो मोकळा सुटला. दादरच्या पुलावर समोरून लोंढा आला की आपल्या सोबतचा माणूस कसा दोन पावलं मागे पडतो, तसंच.

तिसरं हत्यार म्हणजे स्वतः क्वार्टरबॅकने पळण्याची धमकी. तो पळू शकतो हे माहीत असलं की बचावातल्या एकाला त्याच्यावर नजर ठेवावी लागते, आणि जागा सांभाळणारे सातचे सहा होतात.

आता खरी गंमत : तीन म्हणजे किती?

इथवर आपण पाहिलं की रेड झोनमध्ये पास अवघड का होतो. पण हे तर सगळ्याच संघांना लागू आहे. मग एखाद्या संघाचे तीन प्रयत्न ओळीने फसले तर तो संघच कच्चा, असं म्हणता येईल का?

समजा एक चांगला संघ आहे, जो रेड झोनमध्ये शिरल्यावर शंभरांतून साठ वेळा टचडाऊन करतो. म्हणजे फसण्याची शक्यता दर वेळी ०.४. ओळीने तीन वेळा फसण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ०.०६४. शंभरांत सहाच्या आसपास. ऐकायला हे दुर्मीळ वाटतं.

पण हंगामात अशा संधी किती? तेरा सामने आणि दर सामन्यात चार धडका धरल्या तर बावन्न. या बावन्नांत कुठेतरी एकदा तरी ओळीने तीन अपयशं येण्याची शक्यता किती? गणित केलं तर उत्तर येतं सुमारे ९० टक्के. दहापैकी नऊ हंगामांत, कुणाचीही काही चूक नसताना, अशी एक तिकडी येणारच. ती ऑक्टोबरमधल्या एखाद्या सोप्या सामन्यात आली तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. डिसेंबरातल्या उपांत्य सामन्यात आली की तिला 'कमकुवतपणा' असं नाव मिळतं.

पासांचंही तसंच. एखाद्या क्वार्टरबॅकचे रेड झोनमधले शंभरांतले साठ पास जुळतात आणि हंगामात तो तिथे साठ पास टाकतो असं धरा. अपेक्षा छत्तिसांची. निव्वळ योगायोगाने हा आकडा अठ्ठाविसापासून चव्वेचाळिसापर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे ४७ टक्के ते ७३ टक्के. पहिल्या आकड्यावर वर्तमानपत्रं त्याला काढून टाकायला सांगतील, दुसऱ्या आकड्यावर त्याचे फोटो छापतील. खेळाडू तोच.

आता पुन्हा ग्लेंडेलला चला. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक होता जस्टिन फील्ड्स, वय वर्षं वीस. त्या सामन्यापूर्वीच्या तेरा सामन्यांत त्याने चाळीस टचडाऊन पास टाकले होते आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेला पास फक्त एक. त्या एका सामन्यात दोन गेले. दुसरा सामन्याच्या अगदी शेवटी, शेवटचं मिनिटही पूर्ण उरलं नव्हतं तेव्हा, क्लेमसनच्या तेवीस यार्डांवरून टाकलेला. रेड झोनच्या उंबऱ्यावरच. चेंडू एंड झोनमध्ये क्लेमसनच्या नोलन टर्नरच्या हातात विसावला आणि सगळं संपलं.

टीव्हीवर दिसलं ते एवढंच : चुकीच्या जागी टाकलेला पास. घडलं होतं वेगळं. रिसीव्हर क्रिस ओलावेला वाटलं की फील्ड्स दबावाखाली पळायला निघालाय, म्हणून त्याने ठरलेली धाव मध्येच सोडून दिशा बदलली. पास ठरलेल्या जागी गेला, पण तिथे ओलावे नव्हता. त्याच दोघांनी चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीच्या भागात तेवीस यार्डांचाच टचडाऊन पास जुळवला होता. आणि पहिल्या अर्ध्यातल्या त्या तीन अपयशांपैकी एका वेळी तर झेल टचडाऊन म्हणून जाहीरही झाला होता. व्हिडिओ तपासल्यावर चेंडू जमिनीला लागल्याचं दिसलं आणि निर्णय फिरला. कागदावर या सगळ्याची नोंद एकाच प्रकारे होते : अपयशी पास. नाव क्वार्टरबॅकचं.

पुढच्या हंगामात काय झालं? १ जानेवारी २०२१, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाऊल. पुन्हा उपांत्य सामना, पुन्हा क्लेमसन, पुन्हा फील्ड्स. त्याने सहा टचडाऊन पास टाकले आणि ओहायो स्टेट ४९–२८ असं जिंकलं. एका वर्षात त्याचा हात जादूने सुधारला असं म्हणण्यापेक्षा, पहिल्या रात्री तो होता त्याहून वाईट दिसला आणि दुसऱ्या रात्री होता त्याहूनही चांगला दिसला, हे जास्त पटणारं आहे. संख्याशास्त्रात याला 'सरासरीकडे परतणं' म्हणतात. टोकाच्या रात्रीनंतर बहुधा मधली रात्र येते. कधी दुसऱ्या टोकाचीही येते.

मग खरा दोष ओळखायचा कसा?

सगळं नशिबावर ढकलणं हेही विज्ञान नव्हे. काही संघ रेड झोनमध्ये खरंच कच्चे असतात. पुढच्या शनिवारी निकाल द्यायच्या आधी एवढं तपासा :

पहिलं, प्रयत्न किती? पाच-दहा पासांच्या टक्केवारीला काही अर्थ नसतो. टक्केवारीच्या शेजारी मूळ संख्या नसेल तर ती आकडेवारी नव्हे, जाहिरात आहे.

दुसरं, कुठून? एकोणीस यार्डांवरचा पास आणि दोन यार्डांवरचा पास एकाच पिशवीत भरू नका. वर पाहिलंच आहे की दोन्हीकडची जागा दुपटीहून वेगळी असते.

तिसरं, कितव्या डाऊनला? पहिल्या दोन डाऊनला धावून काहीच मिळवलं नाही तर तिसऱ्याला पासच टाकावा लागतो, आणि हे समोरच्यालाही माहीत असतं. तिथे दोष पासाचा कमी आणि आधीच्या दोन डाऊनचा जास्त.

चौथं, चुका एकसारख्या आहेत का? कधी झेल सुटला, कधी पाय घसरला, कधी पंचांचा निर्णय फिरला, अशी विखुरलेली अपयशं बहुधा योगायोगाची. पण दर वेळी पास उजव्या कोपऱ्यातच जातो, किंवा दर वेळी दोन सेकंदांच्या आत क्वार्टरबॅक खाली पाडला जातो, असं असेल तर तो खरा दोष आहे. सरावाने सुधारता येईल असा.

जेएलटी पार्कात करून पाहा

नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळी पार्कात बसण्याजोगी हवा असते. मुलांना घेऊन या. एक टाकणारा, दोन झेलणारे, तीन अडवणारे. चेंडू कुठलाही चालेल, टेनिसचासुद्धा. बारा मीटर रुंद आणि चोवीस मीटर लांब चौकट चपलांनी आखा. वीस पास टाका आणि जुळलेले मोजा. मग लांबी निम्मी करा, बारा मीटर, आणि पुन्हा वीस. माणसं तीच, हात तेच. आकडा घसरलेला दिसेल, आणि भूमिती मुलांना फळ्याशिवाय कळेल.

त्यानंतर दुसरी गंमत करा. त्या वीस पासांची पाच-पाचच्या चार गटांत विभागणी करा. एका गटात चार जुळलेले दिसतील, दुसऱ्यात कदाचित एकच. मुलांना विचारा : एक जुळला तेव्हा तू वाईट खेळाडू होतास का? उत्तर ती स्वतःच देतील.

हे उत्तर आपल्यालाही कामाचं आहे. जेएलटीतल्या टॉवरांमधून रोज तिमाहीचं टार्गेट, तीन हुकलेले सौदे, दोन फसलेल्या मुलाखती यांवरून माणसांवर शिक्के बसत असतात. घरी दोन चाचण्यांतल्या गुणांवरून 'याचं गणित कच्चं' असं ठरतं. यातला प्रत्येक सौदा, प्रत्येक मुलाखत, प्रत्येक चाचणी म्हणजे शेवटच्या चार यार्डांवरचा पास असतो. जागा अरुंद, समोर पहारा, आणि चूक झाली की सगळ्यांना दिसणारी.

तेव्हा शनिवारी रात्री तुमच्या मुलीच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक गोलरेषेपाशी तिसऱ्यांदा अडकला, तर रिमोट आपटण्याआधी एवढंच विचारा : समोर जागा किती होती, आणि प्रयत्न किती झाले? या दोन प्रश्नांची उत्तरं हातात आली, की मग हवी तेवढी टीका करा. तो विशीतला मुलगा आहे आणि सोमवारी त्यालाही वर्गात जाऊन बसायचं आहे.